आईची एच. पायलोरी तपासणी ‘पुन्हा पॉझिटिव्ह’ आली: औषध बदलण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ५२, गाव दारव्हा तालुक्यात, काम शेतातलं. वर्षभरापूर्वी पोटात आग आणि करपट ढेकर म्हणून रक्त तपासलं, एच. पायलोरी (जठरात राहणारा जंतू) पॉझिटिव्ह निघाला, सात दिवसांच्या औषधांचं किट दिलं, बरं वाटलं. आता पुन्हा तोच त्रास, पुन्हा तीच रक्ततपासणी, पुन्हा पॉझिटिव्ह. तुम्ही वाचलंत की हा जंतू देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात असतो आणि त्यानं कॅन्सर होतो. म्हणून विचारताय की औषध बदलायचं का, घरातल्या सगळ्यांना तपासायचं का, आणि देशात यावर एवढं संशोधन चाललंय तर आपल्या भागातल्या माणसाच्या कामाचं त्यात काय आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. दुर्बिणीची तपासणी स्वतः करतो, त्यामुळे हा जंतू रोजच्या कामातला. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर नीट कळलं तर आधीचे दोन प्रश्न बरेचसे सुटतात.

आधी एक गोष्ट, म्हणजे आजची रात्र तरी शांत झोपाल. रक्तातली ही तपासणी जंतू मोजत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. जंतू मेला तरी ती प्रतिद्रव्यं कित्येक महिने, काहींच्यात काही वर्षं रक्तात राहतात. त्यामुळे औषधानंतर एका वर्षानं रक्त पॉझिटिव्ह आलं, यावरून औषध लागू पडलं की फसलं यातलं काहीच ठरत नाही. तुमच्या आईंच्या पोटात जंतू असेलही, नसेलही. आजच्या रिपोर्टवर नवं किट सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. ही तपासणी गावोगावच्या लॅबमध्ये होते, स्वस्त पडते, म्हणून लिहून दिली जाते. पण उपचारानंतर जंतू गेला की नाही हे पाहायला ती चालत नाही, यावर जगातल्या कुठल्याही तज्ज्ञमंडळाचं दुमत नाही.

आता संशोधनाकडे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे हा जंतू पहिल्यांदा वाढवून दाखवला. आम्लात जंतू जगूच शकत नाही असं तोवर सगळे धरून चालले होते. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जंतूंचं द्रावण पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जंतूला कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं. तुम्ही वाचलेली भीती तिथून आली आहे आणि ती खोटी नाही. फक्त अर्धी आहे.

आपल्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एकच गोष्ट मोजली गेली: किती जणांना आहे? हैदराबादच्या लोकांचं रक्त तपासून १९९१ मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात चारांतल्या तिघांहून जास्त जणांना संसर्ग झालेला दिसला. लहान मुलांच्या पाहणीतून कळलं की बहुतेकांना तो शाळकरी वयातच लागतो, घरातूनच, आणि मोठेपणी सोबत राहतो. नंतरच्या पाहण्यांत शहराशहरांत फरक दिसला, पण निम्म्यापेक्षा जास्त हे चित्र बराच काळ कायम राहिलं. आणि इथेच संशोधकांना कोडं पडलं. एवढ्या लोकांच्या पोटात कर्करोग घडवणारा जंतू, तर भारतात जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या तुलनेत इतका कमी कसा?

या कोड्यावर आपल्याकडे खूप काम झालं. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेनं आणि हैदराबादच्या संस्थांनी जंतूची जनुकं तपासली. भारतीय जंतू पूर्व आशियातल्या जंतूपेक्षा वेगळे निघाले. पण गंमत अशी की ज्या जनुकांना घातक म्हटलं जातं, ती बंगालमध्ये अल्सर झालेल्यांच्या जंतूत होती तशीच कसलाही त्रास नसलेल्यांच्या जंतूतही होती. म्हणजे जंतूच्या जातीवरून कोणाला रोग होईल हे सांगता येईना. त्याआधीपासून आणखी एक जुनी नोंद होती. तांदूळ खाणाऱ्या दक्षिण भारतात अल्सर जास्त, गहू खाणाऱ्या पंजाबात कमी, आणि जंतू मात्र दोन्हीकडे सारखाच. आपला विदर्भ तर या बाबतीत दोन तुकड्यांचा आहे, भंडारा-गोंदियाकडे भात आणि आपल्याकडे ज्वारी. मला ही तुलना कुणीतरी मनापासून करावी असं फार वाटतं.

देशात जठराचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो मिझोराममध्ये, विशेषतः आयझॉल जिल्ह्यात. तिथे तंबाखूचा धूर पाण्यात उतरवून ते पाणी तोंडात धरण्याची चाल आहे, धुरावलेलं आणि आंबवलेलं मांस खाण्यात असतं. तिथल्या अभ्यासांत या गोष्टींचा संबंध ठळक दिसतो. जंतू जमीन तयार करतो, पण बाकीचं तंबाखू, मीठ, धूर, घराण्याचा वारसा यांवर अवलंबून असतं. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यात कधी तरी अल्सर होतो तो साधारण दहापैकी एकाला, फार तर सातांतल्या एकाला. जठराचा कर्करोग शंभरांत एक ते तिघांना, आणि तोही जास्त जोखमीच्या देशांचे आकडे धरून.

म्हणून आईंबद्दलची काळजी जरा दुसऱ्या जागी हलवावी असं मी सुचवेन. आपल्याकडच्या माणसाला पोटापेक्षा तोंडाचा कर्करोग जास्त गाठतो, आणि त्याचं मोठं कारण खर्रा आहे, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. घरातल्या ज्या माणसाच्या खिशात खर्र्याची पन्नी असते, त्याचं तोंड आधी उघडून पाहा. हे विषयांतर वाटेल, पण घरातल्या कॅन्सरची भीती घालवायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

गेल्या वीसेक वर्षांत देशातल्या संशोधनाचा मोहरा बदलला. किती जणांना आहे, हे विचारणं मागे पडलं आणि कोणतं औषध अजून चालतं, हे पुढे आलं. २००३ मध्ये लखनौ, चेन्नई, हैदराबाद, चंडीगड अशा अनेक केंद्रांतून जंतू गोळा करून एक अभ्यास छापला गेला. त्यात पाऊणहून अधिक जंतू मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाला दाद देत नव्हते आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला दाद न देणारेही चाळीस टक्क्यांच्या वर होते. नंतरच्या अभ्यासांतले आकडे गावागणिक वेगळे आहेत. पण मेट्रोनिडाझोलचं दुखणं सगळीकडे आहे आणि लिव्होफ्लॉक्सासिनही पूर्वीसारखं भरवशाचं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या औषधांची तातडीनं गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, तिच्यात क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा एच. पायलोरी होता. २०२१ मध्ये भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं भुवनेश्वर इथे ठरवलेलं आपलं स्वतःचं एकमत प्रसिद्ध केलं.

हे सगळे अभ्यास बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतले. ज्याच्या पोटात दुर्बीण गेली आणि ज्याच्या जठराचा तुकडा प्रयोगशाळेत पोचला, तोच त्यात मोजला गेला. दारव्ह्याच्या शेतमजूर बाईंचा तुकडा तिथवर जात नाही. मग आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांनी काय करायचं? मी रुग्णाच्या जुन्या गोळ्यांचा इतिहास विचारतो. तोच माझ्यासाठी प्रयोगशाळेचा रिपोर्ट.

आपल्याकडे हगवण लागली की माणूस मेडिकलवर जातो आणि ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी घेऊन येतो. दोन गोळ्या खातो, थांबलं की उरलेल्या फडताळात. ऑर्निडाझोल आणि मेट्रोनिडाझोल एकाच घरातली. ऑफ्लोक्सासिन हे लिव्होफ्लॉक्सासिनचंच भावंड. सर्दी-खोकल्याला मिळणारी अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी क्लॅरिथ्रोमायसिनच्या कुटुंबातली. म्हणजे एच. पायलोरीच्या औषधाचा विचारही मनात यायच्या आधी आपल्या माणसाच्या पोटातल्या जंतूनं त्यातली तीन औषधं चाखून पाहिलेली असतात. कपाशीवाल्याला हे समजावून सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ च्या हंगामात बोंडांचं काय झालं ते त्यानं पाहिलेलं आहे. जंतूही तसाच सरावतो.

यावरून तुमच्या आईंच्या सात दिवसांच्या किटकडे पाहा. सात दिवसांची तीन औषधांची पद्धत जुनी आहे. आज जगभर आणि आपल्याकडेही जोर आहे तो चौदा दिवसांवर. जिथे क्लॅरिथ्रोमायसिनचा रोध (औषधाला दाद न देणं) जास्त आहे किंवा मोजलेलाच नाही, तिथे बिस्मथ धरून चार औषधांच्या पद्धतीवर. त्यात आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असतं. तुम्ही विचाराल, मेट्रोनिडाझोल तर चालत नाही म्हणालात? प्रयोगशाळेत दिसणारा हा रोध पुरेसा डोस, पुरते चौदा दिवस आणि बिस्मथची जोड मिळाली की बराचसा ओलांडता येतो. क्लॅरिथ्रोमायसिनचं तसं नाही, तिथे रोध असला की औषध जवळजवळ वायाच जातं. अडचण एकच, टेट्रासायक्लिन आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही आणि त्याच्या जागी डॉक्सिसायक्लिन दिलं तर तसाच गुण येत नाही. मग अमॉक्सिसिलिन धरून दुसरी मांडणी करावी लागते. कुणाला काय द्यायचं हे आधीचं औषध, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंड, इतर गोळ्या यांवर ठरतं, म्हणून इथे मी डोस लिहीत नाही. अलीकडे बाजारात आलेलं व्होनोप्राझॅन आम्ल जास्त जोरात दाबतं आणि त्यावर जगभर आशेनं काम चाललंय. आपल्या रुग्णांत ते किती पुढचं ठरतं हे दिसायला थोडा काळ जाऊ द्यावा, असं माझं मत.

चौदा दिवसांचा कोर्स आपल्या भागात मध्येच सुटतो, त्याची कारणं ठरलेली आहेत. तोंडाला लोखंडासारखी कडू चव येते, मळमळतं. मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली, मग ती मोहाची का असेना, तर उलट्या आणि धडधड होते. सर्वांत मोठी घबराट होते ती बिस्मथनं संडास काळी होते तेव्हा. एक बाई तिसऱ्याच दिवशी गोळ्या बांधून परत घेऊन आल्या होत्या, “पोटातून रक्त चाल्लं जी डॉक्टर, मी नाही खात आता ह्या गोळ्या.” म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगतो. बिस्मथची काळी संडास घट्ट, कोरडी काळी असते. लोहाच्या गोळ्यांनीही तशीच होते. रक्ताची काळी संडास डांबरासारखी चिकट असते, तिला उग्र घाण वास येतो, आणि माणसाला उठल्यावर चक्कर येते. हा फरक घरातल्या दोन माणसांना ऐकवला की कोर्स सहसा पुरा होतो. सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत, जेवणाची वेळच ठरलेली नसताना, दिवसातून चार वेळा गोळी घेणं अवघड असतं. घाई नसेल, म्हणजे रक्तस्राव किंवा ताजा अल्सर नसेल, तर मी कोर्स हंगाम उलगल्यावर सुरू करतो. अर्धवट कोर्सपेक्षा पंधरवडा-महिना उशीर बरा.

आता तपासणी कोणती करायची. दोन मार्ग चांगले: श्वासाची युरिया चाचणी आणि संडासातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशांची, चाचणी. दोन्हींत जिवंत जंतूचा पुरावा मिळतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून करायची. त्या चार आठवड्यांत प्रतिजैविक आणि बिस्मथ नको, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या कुटुंबातली आम्ल कमी करणारी गोळी किमान दोन आठवडे आधी बंद हवी. हे पथ्य पाळलं नाही तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेणं चहाइतकं नेहमीचं झालंय, म्हणून मी विचारताना “गोळ्या घेता का” असं विचारत नाही, “सकाळी गॅसची गोळी कोणती घेता” असं विचारतो. मधल्या काळात आग झालीच तर पातळ अँटासिड चालतं. श्वासाच्या चाचणीत किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरणार असतील तर गर्भार बाई आणि लहान मुलांची करू नये, त्यांच्यासाठी कार्बन-१३ ची असते.

तिसरा मार्ग दुर्बीण. जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर त्याच्या एन्झाइमनं युरियाचा अमोनिया होतो आणि जेल पिवळ्याचं गुलाबी होतं, कधी काही मिनिटांतच. मी हे रुग्णाच्या नातेवाइकाला दाखवतो, कारण डोळ्यांनी पाहिलेला गुलाबी रंग चौदा दिवस गोळ्या खायला लावतो. पण दुर्बीण प्रत्येकाला लागत नाही. ती आधी लागते कोणाला? वजन उतरतंय, घास अडकतोय, सारखी उलटी होतेय, डांबरासारखी संडास झाली, रक्त कमी झालंय, पोटात गोळा लागतोय, किंवा आई-वडील-भावंडांत जठराचा कर्करोग झालाय. आणि पोटाचा त्रास पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झाला असेल तरी. तुमच्या आईंचं वय त्या सीमेवर आहे, म्हणून मी रक्त आणि वजन विचारल्याशिवाय फक्त श्वासाच्या चाचणीवर थांबणार नाही.

रक्त कमी होण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात इथे चूक होते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याची तपासणी आता राष्ट्रीय मोहिमेतून होते, आणि त्यामुळे हिमोग्लोबिन आठ-नऊ दिसलं की घरचे लोक “सिकलचंच असेल” म्हणून सोडून देतात. पण सिकलचा वाहक असण्यानं हिमोग्लोबिन एवढं उतरत नाही. बाईचं रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही वाढत नसेल, तर जठरातला हा जंतू हे शोधण्याजोगं कारण आहे. तो लोह आणि बी-१२ दोन्हींच्या शोषणात अडथळा आणतो. अशा रुग्णात पोटाची कुठलीही तक्रार नसली तरी मी जंतू शोधतो आणि सापडला तर काढतो.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, संध्याकाळी कंबर धरते, मग मेडिकलवरून सुटी डायक्लोफिनॅकची गोळी, सोबत कधी स्टेरॉइडची. जंतू एकटा असला तर अल्सरची शक्यता वाढते, गोळी एकटी असली तरी वाढते, दोन्ही एकत्र आले तर कित्येक पटींनी. आपल्या वॉर्डात रक्ताची उलटी घेऊन येणाऱ्यांत मला हे दोन्ही एकत्र सापडलेलं वारंवार दिसतं. जंतू काढला आणि गोळ्या चालूच राहिल्या तर अल्सर परत येतो, आणि घरचे म्हणतात जंतूचं औषध लागलं नाही.

घरातल्या सगळ्यांना तपासायचं का? यावर जगात दोन मतं आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक बनलेली आहेत. जपाननं २०१३ पासून जठराची सूज असलेल्या प्रत्येक संसर्गित माणसाचा उपचार विम्यात घेतला. तैवाननं मात्सू बेटावर २००४ पासून सगळ्यांना तपासून उपचार केले आणि तिथला जठराचा कर्करोग निम्म्यावर आला. चीनच्या तज्ज्ञांनी तर संपूर्ण कुटुंबाला एकत्र उपचार द्यावेत असं मांडलं. पण तिथे कर्करोगाचं ओझं फार मोठं आहे. आपल्याकडे ते कमी, संसर्ग जास्त, आणि औषधांचा रोध आधीच डोईजड. अशा ठिकाणी लक्षणं नसलेल्या पाच-सहा माणसांना चौदा दिवस प्रतिजैविकं देणं मला पटत नाही. घरात कुणाला अल्सर होऊन गेलाय, कुणी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा सांध्यांसाठी रोजची गोळी घेतो, कुणाचं रक्त भरत नाही, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालाय, त्याला तपासा. तुमच्या लहान मुलांची नुसत्या पोटदुखीसाठी एच. पायलोरीची तपासणी करू नका, मुलांच्या साध्या पोटदुखीचा त्याच्याशी क्वचितच संबंध असतो.

जंतू पुन्हा लागतो का? उपचारानंतर वर्षाच्या आत परत सापडला तर बहुधा तो जुनाच असतो, पुरता न मेलेला. नव्यानं लागणं शक्य आहे, दाटीचं घर आणि अशुद्ध पाणी असलेल्या ठिकाणी जास्त. म्हणून झाकलेलं पाणी, तोटीचा किंवा ओगराळ्याचा माठ, आणि बाळाला आपल्या तोंडातला घास चावून न भरवणं, एवढं घरात पाळा. तिखटाबद्दल सगळे विचारतात. तिखटानं हा जंतू होत नाही. आग वाढत असेल तर ठेचा-तर्री कमी करा, नसेल तर आईंना फुलका आणि दूधभातावर बसवू नका.

तुमच्या आईंसाठी मी आज असं करेन. नवं किट सुरू करणार नाही. सकाळची गॅसची गोळी कोणती आणि कधीपासून चालू आहे ते बघेन, हिमोग्लोबिन आणि वजन पाहीन, अंगदुखीच्या गोळ्या थांबवून दुसरी सोय करेन. धोक्याचं एकही लक्षण नसेल तर गॅसची गोळी दोन आठवडे बंद ठेवून श्वासाची किंवा संडासाची चाचणी. ती निगेटिव्ह आली तर जंतूचा विषय तिथेच मिटला आणि त्रासाचं कारण दुसरीकडे शोधायचं. पॉझिटिव्ह आली तर बिस्मथ धरून चौदा दिवस, आधीच्या किटमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर ते पुन्हा न वापरता, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी तीच चाचणी परत. दुर्बीण लागलीच तर यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर, कुठेही होईल.

जुन्या किटची रिकामी पाकिटं घरात सापडली तर त्यांवरची नावं इथे लिहा. आईंचं हिमोग्लोबिन किती आहे, वर्षभरात वजन उतरलंय का, आणि गुडघे-कंबरेसाठी त्या कोणती गोळी घेतात, हेही कळवा. श्वासाची चाचणी पुरेशी आहे की दुर्बीण आधी करावी, हे त्यावरून सांगता येईल.